‘ळ’चा रिकामा खण

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे. लोकांनी पुष्कळदा विचारलं आणि दर वेळी मी दुसरंच काही सांगितलं. आता यंदा पुन्हा चैत्रातच बोअर आटले, आणि परवा ग्रामपंचायतीची सूचना मोबाइलवर आली: ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की टँकर सकाळच्या वेळी येईल.’ ती वाचून दुसरा कुणी घागरी घासायला काढील. मी ‘ळ’ मोजले. तीन.

पन्नास वर्षं झाली, हातात कुठलाही छापील कागद आला की मी आधी ‘ळ’ मोजतो. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली घडी, एसटी स्टँडवरच्या पाट्या. बायको होती तोवर तिला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून मी कागद इतका वेळ धरून बसतो. तिलाही हे सांगितलं नव्हतं.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्याच्या मागून तो उन्हाळा आला. मी तेव्हा कळंबला एका सहकारी संघात कारकून होतो. त्या उन्हाळ्याचे वास अजून नाकात आहेत. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास, जी तव्यावरून उतरली की लगेच लाकडासारखी व्हायची. दुष्काळी कामावर वाटायच्या सुकडीचा, भाजलेल्या पिठाचा गोडसर वास. खडी फोडून परतणाऱ्या बायकांच्या लुगड्यांना दगडाची पांढरी पिठी लागलेली असायची, आणि त्या बाजूनं गेल्या की आपल्याच दाताखाली कचकच व्हायची. मांजरा नदीच्या पात्रात लोकांनी झरे उकरले होते. एकेक वाटी भरायची, घागरीत ओतायची, पुन्हा झऱ्याकडं बघत बसायचं.

आणि या सगळ्यात माझा एकट्याचा म्हणून एक वास होता. शाई, रॉकेल आणि ओला कागद. छापखान्याचा.

मला विज्ञानकथा लिहायच्या होत्या. हसू येतं आता. प्रयोगशाळा म्हणून मी शाळेतलं लोहचुंबक आणि स्पिरिटचा दिवा एवढंच पाहिलं होतं. पण चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी रेडिओवर ऐकली, आणि माझ्या डोक्यात यानं फिरायला लागली. अकरा कथा लिहिल्या. पुण्याच्या एका प्रकाशकानं दोन ओळींचं कार्ड पाठवलं, की ग्रामीण भागातल्या लेखकानं ग्रामीण अनुभव लिहावा. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. ते कार्ड मी वर्षभर खिशात बाळगलं. मला फसवल्यासारखं वाटायचं, म्हणजे उद्याचा दिवससुद्धा पुण्याच्या लोकांनीच वाटून घेतलाय आणि आमच्याकडं फक्त बैल ठेवलेत. शेवटी ठरवलं, पुस्तक आपणच काढायचं. सायकल विकली. ‘उद्याचे आकाश’. लेखक मी, प्रकाशक मी. पहिल्या पानाचा कच्चा कागद हातात आला तेव्हा स्वतःचं नाव दोनदा छापलेलं पाहून मी तो शर्टाच्या आत घालून घरी नेला होता.

छापखाना बाजारपेठेच्या टोकाला, पत्र्याखाली. मालक आप्पा मुरूम गावाकडचे, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मराठी बोलताना कानडी हेल. आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला ग्यानबा कांबळे.

त्या काळी मी ग्यानबाला अरे-तुरे करायचो. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा होता, तरी. तो मला अण्णा म्हणायचा, अहो-जाहो करायचा. तेव्हाचं सांगताना तसंच लिहितो. आज मानाची क्रियापदं घातली तर तेही एक खोटंच होईल.

ग्यानबा सातवी शिकलेला. पण शिशाची अक्षरं उलटी वाचायचा त्याचा वेग मला सुलटी वाचताना नव्हता. डाव्या हातात लोखंडी पट्टी, उजवा हात खणांवरून फिरायचा. न बघता. ‘क’ कुठं, ‘र’ कुठं, वेलांटी कुठं, हे त्याच्या बोटांना ठाऊक. आणि जुळवता जुळवता माझ्या कथांवर त्याचं बोलणं चालू.

“अण्णा, तुमच्या यानात आठ मान्सं हायती. भाकरी कोन थापतंय?”

“अरे, गोळ्या असतात त्यांच्याकडं. एक गोळी खाल्ली की पोट भरतं.”

“व्हय? मग आमच्या खडीच्या कामावर का न्हाईत देत? सुकडीपरीस बऱ्या.” जरा थांबून, “आन तितं चंद्रावर झाडू कोन मारतं?”

“चंद्रावर कचरा नसतो.”

“मान्सं गेली म्हंजी कचरा आलाच की. आन कचरा आला म्हंजी कुनाला तरी न्यावं लागंल.” मग पट्टीत खिळा ठेवत, “मला म्हाईत हाय कुनाला न्यायचं ते.”

आप्पा आतून ओरडायचे, “अय्यो ग्यानबा, लेखकाला छळू नको रे, लेखक पळून जाईल!”

मी हसायचो. रागही यायचा. माझ्या कथांतल्या शास्त्रज्ञांना नावं होती, भाकरी थापणारं कुणी नव्हतं. हे मला कुणी समीक्षकानं नाही, छापखान्यात ग्यानबानं दाखवलं.

आता त्या अक्षराकडं येतो.

खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर मोजकंच असतं. एक कागद छापून झाला की मजकूर सोडायचा, खिळे आपापल्या खणात टाकायचे, मग पुढचं जुळवायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या संघाच्या आणि दुष्काळी कामांच्या सूचना त्याच छापखान्यात छापल्या जायच्या. दर आठवड्याला त्याच सूचना, फक्त तारीख बदलायची, म्हणून तो मजकूर तसाच बांधून ठेवलेला असायचा. त्या सूचना लिहायचं काम माझं. ‘कळंब तालुक्यातील दुष्काळी कामावरील मजुरांना कळविण्यात येते की, सुकडी दुपारच्या वेळी मिळेल.’ एका वाक्यात पाच ‘ळ’. अशा आठ-दहा सूचना. आप्पांच्या छापखान्यात असतील तेवढे सगळे ‘ळ’ त्या बांधलेल्या मजकुरात अडकून पडले, आणि खण रिकामा.

“अण्णा,” ग्यानबा म्हणाला, “तुमच्या सुचनांनी ‘ळ’ची टंचाई आनली बगा. टँकर मागवा आता.”

माझ्या शेवटच्या दोन कथा त्यामुळं रखडल्या. एखादी सूचना बंद व्हायची, ‘ळ’ सुटायचे, तेवढ्यापुरतं जुळवायचं, की नवी सूचना घेऊन मीच दारात उभा. असं करत अकरा कथा संपल्या. आणि शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एका वेळी छापायच्या आठ पानांत, तीन पानं कोरी राहिली.

आप्पांना कोरी पानं आवडायची नाहीत. “गिऱ्हाइकाला वाटतं, छापायला विसरलं. काही तरी घाला.”

माझ्याकडं काही नव्हतं. मी पंधरा दिवस डोकं खाजवलं.

“म्या भरू का?” ग्यानबानं विचारलं. सहज, म्हणजे बादली भरू का असं विचारावं तसं.

मी हो म्हणालो. मला वाटलं, कुठला तरी सुविचार-बिविचार घालील.

तीन दुपारी त्यानं ती कथा जुळवली. कागदावर एक ओळ लिहिली नाही. डोक्यातून थेट बोटांत आणि बोटांतून शिशात. मी स्टुलावर बसून बघत होतो. मध्येच तो थांबायचा, पत्र्याकडं बघायचा, ओठ हलवायचा, मग एखादा शब्द पट्टीतून उपसून दुसरा बसवायचा. मला वाटलं शब्द सुचेना म्हणून थांबतोय. तसं नव्हतं. शब्द सुचत होता, पण त्यात ‘ळ’ होता. मग तो त्याच अर्थाचा, ‘ळ’ नसलेला शब्द शोधत होता. तीन पानं, आणि ‘ळ’चा खण पूर्ण रिकामा. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कथेचं नाव ‘नवा हात’. पहिली दोन वाक्यं मला पाठ आहेत: ‘विहीर बोलत नव्हती. ती फक्त हात मोजत होती.’ पुढच्या शतकातलं एक गाव. पाऊस थांबलेला. विहिरीत सरकारनं एक यंत्र सोडलंय, ते पाण्याला शिवलेल्या प्रत्येक हाताची आठवण ठेवतं. एक दिवस पाणी वर यायचं थांबतं. गावकरी हात घालतात, पाटील घालतो, शास्त्रज्ञ घालतात. तेव्हा विहीर पहिल्यांदाच बोलते, हे हात माझ्याकडं आहेत. मला नवा हात द्या. तेव्हा गावाच्या ध्यानात येतं, की ज्यांना आपण या काठावर कधी येऊ दिलं नाही, तेच हात तेवढे विहिरीला नवे आहेत. सगळं गाव त्या वस्तीकडं निघतं. तिथल्या एका म्हातारीच्या दारात उभं राहतं. म्हातारी विचारते, ‘घागर आणू, की तुम्ही वरून ओतणार?’ कथा तिथं संपते.

कच्चा कागद ओला करून काढायचा, आणि पाण्याची चणचण म्हणून ग्यानबा बोटं ओली करून तेवढाच शिडकावा द्यायचा. तो ओलसर कागद मी वाचला. माझ्या अकरा कथा त्याच टेबलावर पडल्या होत्या. त्यांच्याकडं बघवेना.

“हे कुठून सुचलं तुला?”

“आमच्या आयला विहिरीवर वरून पानी वतायचे. हात लावायचा न्हाय. आता टँकर बी गावच्याच विहिरीत रिता करतेत. काल कारभारीन तितं तासभर उबी व्हती. मान्सं बदलत न्हाईत, अण्णा. म्हनलं मग विहीरच बदलावी.”

मग त्यानं शाईचे हात धोतराच्या सोग्याला पुसले आणि म्हणाला, “खाली माजं नाव घालू का? बारीकच घालतो.”

मी काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवतं. मी हसून म्हणालो, “कांबळे. ‘ळ’ कुठाय तुझ्याकडं?”

तोही हसला. “खरंच की. माज्याच नावाला न्हाय.” मग म्हणाला, “ल घालू? कांबले?”

“बरं नाही दिसत. मुंबईच्या साहेबानं हाक मारल्यासारखं दिसतं.”

“मग सोमवारी जुन्या सुचनांचा मजकूर सोडायचाय. ‘ळ’ सुटंल. तवर फर्मा चढवू नका, अण्णा.”

“बरं,” मी म्हणालो.

सोमवारी दुपारी ग्यानबा आतल्या खोलीत जमिनीवर बसून सूचनांचा मजकूर सोडत होता. खिळे खणात पडल्याचा बारीक आवाज येत होता, टिक, टिक. आप्पा माझ्याजवळ आले. यंत्रावर तेल घालून झालं होतं. “चढवू का, अण्णा?”

ग्यानबाच्या हाताला अजून पाच मिनिटं लागली असती. फार तर दहा.

“चढवा,” मी म्हणालो.

ते का म्हणालो, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ प्रकारांनी दिलं. पानं वाळायला वेळ हवा होता. आप्पांचा खोळंबा झाला असता. पुस्तक एकाचं, त्यात दुसऱ्याचं नाव विचित्र दिसलं असतं. खरं उत्तर असं, की माझ्या पुस्तकातली सगळ्यांत चांगली कथा दुसऱ्याची आहे हे छापलेलं मला बघायचं नव्हतं. आणि त्या दुसऱ्याचं आडनाव वाचून लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं नव्हतं असंही मी म्हणणार नाही. आलं होतं. ज्या गावाची कथा त्यानं लिहिली, त्या गावचाच मी निघालो.

यंत्राचा धाडधाड आवाज सुरू झाला आणि आतली टिकटिक थांबली. ग्यानबा दारात आला. तळहातावर एक खिळा. तो पुढं करूनच आला होता, “हा घ्या, घावला,” असं म्हणायला. यंत्राकडं बघितलं. आप्पांकडं. मग माझ्याकडं.

“आप्पांनी घाई केली,” मी म्हणालो. आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा यंत्राकडं वळले. “दुसऱ्या आवृत्तीत नक्की. अगदी ठळक घालू.”

“व्हय,” ग्यानबा म्हणाला. मग तो खिळा त्यानं माझ्या हातात ठेवला. “ठिवा तुमच्यापाशी. तवर.”

दुसरी आवृत्ती निघाली नाही. अशा पुस्तकाची निघत नसते. पण ती एक कथा निघाली. मुंबईच्या एका मासिकानं ती पुन्हा छापली, संपादकांचं पत्र आलं, आणि ज्यांनी माझ्याकडून फक्त सूचना लिहून घेतल्या होत्या त्या संघाच्या चेअरमनसाहेबांनी माझा सत्कार ठरवला. निमंत्रणाची कार्डं अर्थातच आप्पांकडं.

मी मजकूर स्वतः नेला नाही, शिपायाबरोबर पाठवला. ग्यानबा कच्चा कागद घेऊन संघाच्या कचेरीत आला. ‘कळंब येथे सायंकाळी सत्कार सोहळा. “नवा हात” या गाजलेल्या कथेचे लेखक’ आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव. ‘ळ’ सगळे जागच्या जागी. त्याच बोटांनी जुळवलेले. कुठं तरी चूक असावी, एखादी काना-मात्रा उडालेली असावी, असं मला मनातून वाटत होतं. मग मी रागावलो असतो, तोही बोलला असता. एकही चूक नव्हती.

कचेरीत चार माणसं होती. त्यानं कागद टेबलावर ठेवला.

“लेखकसाहेब, प्रूफ बगून घ्या. नाव बराबर हाय का.”

त्या दिवसापासून अण्णा गेला. पुढं रस्त्यात भेटला की साहेब. वर्षभरात तो कळंबही सोडून गेला. आप्पांच्या चुलतभावाचा मुरूमला छापखाना होता, तिकडं. आप्पा मला एवढंच म्हणाले, “चांगला हात गेला.”

माणसाचं मन विचित्र असतं. फसवलं मी, आणि फसवल्यासारखं मलाच वाटत राहिलं. वाटायचं, ह्यानं मुद्दाम इतकं चांगलं लिहून माझ्या पुस्तकाचा घात केला. माझ्या अकरा कथांबद्दल कुणी अवाक्षर काढीना. पुढं मी आणखी दोन पुस्तकं काढली. लोक यायचे, म्हणायचे, “‘नवा हात’सारखं पुन्हा काही नाही लिहिलंत.” मी म्हणायचो, तशी गोष्ट आयुष्यात एकदाच होते. ते मात्र खरं होतं.

इथंवर थांबलो असतो तरी कदाचित मला कुणी माफ केलं असतं. पण ऐंशीनंतर एक तरुण प्राध्यापक घरी आले. त्यांनी ती कथा बारकाईनं वाचली होती. म्हणाले, “सर, या कथेत ‘ळ’ हे अक्षरच नाही. पाण्याची, दुष्काळाची कथा, आणि दुष्काळ हा शब्द नाही. आभाळ नाही, डोळे नाहीत. मुख्य म्हणजे ओळख हा शब्द नाही! ओळख नाकारल्याची कथा आणि ओळख शब्दाविना लिहिलेली. हे मुद्दाम केलंत?”

मी आत गेलो, पुस्तक आणलं, तीन पानं बोट ठेवून वाचली. खरंच नव्हता. एकही. तेव्हा मला ती तीन दुपारींची ओठांची हालचाल आठवली, उपसलेले शब्द आठवले. ती कथा म्हणजे त्याची सही होती. कागदावरचं हस्तलिखित नव्हतं, आप्पांशिवाय साक्षीदार नव्हता, शिसं सोडून खणात टाकलेलं. पण लेखणीनं लिहिणाऱ्या माणसाला ‘ळ’ची वाण कशाला पडेल? ती फक्त खिळे जुळवणाऱ्याला पडते. प्रत्येक ओळ सांगत होती, मी कारकुनाची नाही.

प्राध्यापक वाट बघत होते. खरं सांगायची एवढी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “मुद्दाम केलं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. ग्यानबाची कथा मी घेतली होतीच. आता त्याची टंचाईही घेतली.

निवृत्त झाल्यावर एकदा मी मुरूमला गेलो. खिशात तो खिळा. घर विचारत गेलो. ग्यानबा ओट्यावर बसला होता, डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं. सूनबाईला हाक मारली, “चहा टाक गं. हे कळंबचे साहेब हायत. लई मोठे लेखक.”

सून बाहेर आली. “कोनतं पुस्तक लिवलंय?”

ग्यानबा माझ्या बाजूला तोंड करून थांबला. मी सांगीन म्हणून. रागानं नाही. नुसता थांबला. मी म्हणालो, “जुनं आहे. आता मिळत नाही.”

चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. आप्पा वारल्याचं मी सांगितलं, त्याला ठाऊक होतं. निघताना त्यानं विचारलं, “त्यो ‘ळ’ हाय का वो अजून?”

खिशात बोटं त्यावरच होती. “आहे,” मी म्हणालो. “घरी आहे.”

“असू द्या,” तो म्हणाला.

दोन वर्षांनी ग्यानबा गेल्याचं त्याच्या मुलाचं कार्ड आलं.

तो खिळा आज या कागदाशेजारी ठेवलाय. मुरूमहून परतताना एसटीत मी जी माफी मनात जुळवली होती, ती खाली लिहितो. त्यानं कथा जुळवली तशीच जुळवली, त्या अक्षरावाचून. कितीदा तरी शब्द उपसून टाकले. एकच ‘ळ’ राहिला, त्याच्या नावातला. तो जिथं हवा होता तिथं बसवला आहे.

ग्यानबा कांबळे यांना,

‘नवा हात’ ही कथा तुमची आहे. तिच्यात माझं एक अक्षरही नाही. तुमचं नाव मी मुद्दाम जाऊ दिलं. आप्पांनी घाई केली नव्हती. मीच ‘चढवा’ म्हटलं. अक्षर तुमच्या हातात आलं होतं आणि मी पाच मिनिटं थांबू शकत होतो. तुमच्या विहिरीनं नवा हात मागितला, तेव्हा मी माझा पुढं केला. मुरूमला आलो तो हेच सांगायला, आणि चहा पिऊन परत गेलो. माफ करा.

प्रूफ बघून घ्या. नाव बरोबर आहे का?